दादाचा खेळ आणि हिचं तोंड

तिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! सगळे तिला रेडिओ म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही. तिचं छोटं पार्लर होतं. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस ओले व्हायच्या आत हिचा सिनेमाचा शेवट सांगून झालेला. बायका चिडायच्या, पण केस हिच्याकडेच कापायच्या. हातच तसा होता तिचा.

अशा बाईला वहिनीचा फोन आला, "वन्सं, आता तुम्हीच या."

दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला. घरी आला की कॉम्प्युटरवर जुने साहसाचे खेळ. पडद्यावर खोली दिसते. टेबल, कपाट, माणूस, जे दिसेल त्यावर माउसने टिचकी मारायची, वस्तू उचलायच्या, गप्पा मारायच्या आणि अडलेलं दार उघडायचं. त्याची मतंही ठाम. मारामारीचे खेळ म्हणजे बोटांची कवायत. जरा चुकलं की जिथे मरण येतं, तो खेळ बनवणारा खडूस. आणि नेटवर उत्तर बघणाऱ्याशी तर दादा बोलायचाच नाही. "अडण्यातच मजा आहे गं," म्हणायचा. "भाजी घेताना डोक्यात तेच, आणि मध्येच लख्ख पेटतं!"

मग डोळे गेले. समोरचं सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं थोडं दिसायचं. डॉक्टरांनी हात टेकले. दादा भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. जेव म्हटलं तर जेवायचा. एकदाच म्हणाला, "एक खेळ राहिलाय. कुणी नुसतं काय दिसतंय ते सांगितलं, तर खेळेन." मुलगा शेजारी बसला आणि त्याने फटकन उत्तर सांगून टाकलं. दुसऱ्यांदा वहिनी बसली, तिनेही कळवळून उत्तर सांगितलं. दादाने कॉम्प्युटरवर चादर टाकली.

"आता एकदाच म्हणालेत, माझ्या बहिणीला बोलाव. पुन्हा तसंच झालं तर ते ती चादर काढायचे नाहीत," वहिनी म्हणाली आणि रडायलाच लागली.

चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या, दुसरं काय!

ती पार्लर बंद करून आली. माउस तिच्या हातात, हुकूम दादाचा. पडद्यावर बंद पडलेल्या नाट्यगृहातली मेकअपची खोली. किल्ली लाकडी जमिनीच्या फटीत पडलेली, आत चकाकतेय, पण बोट जात नाही.

"टेबलावर काय काय आहे?"

तिला सगळ्यात आधी दिसला केसांचा आकडा. वाकवला की काम फत्ते! शब्द जिभेवर आला, तिने जीभ चावली. "पावडरचा डबा. रिकामी बाटली. फाटका पंखा. मेणबत्ती. आणि... केसांचा आकडा."

दादाने फटीत मेण ओतायला लावलं. पावडर टाकायला लावली. खेळातल्या रखवालदाराशी दोनदा बोलून झालं. हिने ओढणी तोंडात कोंबली. वहिनी दारात ओल्या हातांनी उभी.

शेवटी दादा मागे टेकला. "राहू दे. नाही होत आता माझ्याच्याने. तुला कळलंय ना? सांगून टाक."

तिचं काळीज चर्र झालं. सांगावं आणि संपवावेत त्याचे हाल! पण सांगितलं की चादर पडणार, ती कायमची.

"मला कुठे कळतंय दादा? मीही तुझ्यासारखीच अडलेय."

दादाने मान तिरकी केली आणि तो डोळ्याच्या कडेने तिच्याकडे बघत राहिला. मग गालातल्या गालात हसला. "आकडा घे. वाकव. घाल फटीत."

किल्ली वर आली. वहिनीने टाळ्याच वाजवल्या.

"कसं रे सुचलं?"

"अगं, जन्मभर केसांचं काम करणारी तू. समोर आकडा असताना पावडरपासून सुरुवात करतेस? तेही इतक्या सभ्य आवाजात! आयुष्यात कधी अशी बोललीयेस?"

तिला रडूच फुटलं. "म्हणजे मी सांगूनच टाकलं की रे!"

"वेडी आहेस. समोरचा काय लपवतोय ते ओळखायचं, हाच तर खेळ. आणि ओळखलं मी! डोळे नसताना ओळखलं." त्याने खुर्ची पुढे ओढली. "चल, दार उघड. पलीकडे काय आहे? सगळं सांग."

तिने नाक पुसलं, दार उघडलं आणि ती सांगत सुटली. वहिनीने शेवटी दोघांची ताटं तिथेच आणून ठेवली.