बिनलोखंडाचा देव्हारा

माझा मोठा भाऊ हैदराबादेहून फोनवर म्हणाला, "माय आणि देव, दोन्ही मी इकडं घेऊन येतो," तेव्हा माझं डोकं असं सणकलं की हातातला कप मी ओट्यावर आपटला. दांडी तेवढी हातात राहिली. बायको म्हणाली, "कपानं काय केलं?" मी म्हणालो, "तू मधात बोलू नको." हा माणूस नोकरीला लागल्यापासून आदिलाबादला पाहुण्यासारखा येतो, हुरडा खातो, मायसोबत फोटो काढतो आणि जातो. तिचा मोतीबिंदू, तिचे गुडघे, तिच्या गोळ्या, सगळं मी केलं. आणि आता हा आयता न्यायला निघाला!

निमित्त वाळवीचं झालं. आमचा जुना देव्हारा आतून पोखरला होता, कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका सकाळी माय निरंजन ठेवायला गेली आणि खालची फळी पापडासारखी मोडली. घराण्याचे चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे पाटावर आले. माय तर देव जिथं तिथंच राहणार, हे आम्हा दोघा भावांना लहानपणापासून ठाऊक. म्हणून दादानं आधी देवांना हात घातला. त्याच्या फ्लॅटात म्हणे देवघराची वेगळी खोली आहे.

मी मायला म्हणालो, "नवा देव्हारा मी करतो. माह्या हातानं. मग तं रायशील ना इथं?"

माय वाती वळत होती. वळता वळता थांबली, अर्धी वात तबकात ठेवली. मग म्हणाली, "बिनलोखंडाचा करशील तं राहीन. देवाले लोखंड चालत नाई. एक खिळा नाई पायजे."

"नसन."

"लोहचुंबक ज्याले धरते ते लोखंड. मी फिरवून पाहीन." आणि तिनं शिवणाच्या डब्यातलं, पडलेल्या सुया उचलायचं चुंबक काढून माझ्या हातात ठेवलं.

आमच्याकडे ही रीत जुनीच आहे. पण चुंबक फिरवून पाहणारी माय मी पहिल्यांदाच पाहिली. मला तिचा राग नाही आला. उलट वाटलं, बरं झालं, अट स्पष्ट झाली. आता दादाला कसा गप्प करतो ते बघाच.

मी काही सुतार नाही. सरकारी खात्यातून रिटायर झालो आणि घरामागं टिनाचं शेड टाकून लाकूडकाम करत बसतो. लाकूड मला कळतं. माणसं कळत नाहीत असं बायको म्हणते, तिचं सोडा. घराची जुनी दारं काढली होती, त्यांचं सागवान वर्षानुवर्षं मुरलेलं, तासलं की पिवळंधमक निघालं. देव्हाऱ्याचा सांगाडा मी खाचेत खाच बसवून, लाकडाच्याच खुंट्या मारून उभा केला. एक खिळा नाही. इथवर सगळं झकास.

घोडं अडलं ते महिरपीपाशी. पुढच्या कमानीला बोटभर रुंदीची, वाकवलेली बारीक पट्टी, तिच्या कडेला त्याहून बारीक नक्षी. हातोडीनं पितळी खिळे मारून पाहिले, तर खिळा वाकतो नाही तर पट्टी चिरते. नुसता गोंद लावला तर पट्टी सरकते, कारण सागवान तेलकट, आणि गोल कमानीवर लाकूड आवळायचा शिकंजा धरत नाही. अशा कामाला हवेवर चालणारी पिनगन लागते. कॉम्प्रेसरच्या हवेनं ती सुईएवढी, बिनडोक्याची पिन लाकडात घालते, पिन पट्टीला धरून ठेवते, तोवर गोंद वाळतो. भोक दिसतसुद्धा नाही. पण ती पिन लोखंडाची नको. झालं! इथून माझे हाल सुरू झाले.

आदिलाबादच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्यानं माझ्यासमोर एक धटिंगण गन आणून टाकली. "सब इसी से करते हैं, साब." मी एक पिन मारून पाहिली. मोहरीएवढं भोक. म्हटलं, "भाईसाब, ये भगवान का मंदिर है, आपका सोफा नहीं." तो म्हणाला, पुट्टी भर लो. पुट्टी! जुन्या सागवानात पुट्टी भरा म्हणणाऱ्या माणसाला दुकान कुणी काढू दिलं? मी त्याला तसंच विचारलं. त्यानं गन उचलून आत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळला.

मग बायकोला घेऊन इचोड्याला गेलो. तिथं हायवेवर, ट्रकवाल्यांच्या टायरच्या दुकानांच्या रांगेत एक जण फर्निचरवाल्यांना हवेची हत्यारं विकतो असं ऐकलं होतं. त्याच्याकडं बारीक पिनवाली गन होती खरी. पण ती आखूड पिनाच घेत होती, आणि तिला रोज आत तेलाचे थेंब सोडावे लागत. ते तेल हवेबरोबर बाहेर येणार आणि माझ्या कोऱ्या लाकडावर डाग पाडणार. वर आणखी, आतल्या पिना संपल्या तरी ती फट्-फट् वाजतच राहते. आपल्याला वाटतं काम झालं, आणि लाकडात नुसता खड्डा पडलेला असतो. मी खिशातून चुंबक काढून पिनांवर धरलं. पिनांची अख्खी पट्टी उडी मारून चिकटली.

दुकानदार हसला. "सार, पिन तो लोहे की ही होती है. सोने की चाहिए क्या?"

"तुम्हारे बाप ने रखी है क्या सोने की?"

बास, तिथं जे झालं ते झालं. शेजारच्या धाब्यावरचे दोन ड्रायव्हर चहा टाकून पाहायला आले. मी गाडीत बसलो तेव्हा माझे कान तापले होते, आणि बायको मागं बसून खिडकीबाहेर पाहत होती.  ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

त्यात दादाचा फोन. "झाला का रे देव्हारा?" विचारायची पद्धत अशी की जणू मी त्याच्या हाताखालचा कारकून. मी त्याला असा झाडला, असा झाडला की पलीकडून वहिनीनं फोन बंद केला. माय तेवढ्यात चपला घालून शेजारच्या काकूंकडं जाऊन बसली. हल्ली ती फार जायला लागली होती तिकडं. मला वाटलं, शेडमधल्या कॉम्प्रेसरची घरघर तिला सहन होत नसेल. भुसा उडवायला मित्राकडून मागून आणलेला तो जुना डबा, चालू केला की भांडी वाजायची. म्हणून ठरवलं, गनसोबत कॉम्प्रेसरही आवाज न करणारा घ्यायचा. मायला त्रास नको.

शेवटी नागपूर गाठलं. तिथल्या दुकानदारानं निदान ऐकून तरी घेतलं. मी त्याला बजावलं, मला काय पाहिजे ते मी सांगतो, तुम्ही सल्ला देऊ नका. गन बिनतेलाची पाहिजे. नाक निमुळतं पाहिजे, पिन कुठं घुसते ते दिसलं पाहिजे. पिना संपल्या की घोडा दबलाच नाही पाहिजे. टोकाला रबर पाहिजे, लाकडावर वळ नको. आणि आखूड-लांब दोन्ही पिना चालल्या पाहिजेत. त्यानं तीन गन काढल्या, मी दोन नाकारल्या. तिसरी हातात घेतली आणि खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या कपाळावरची शीर खाली बसली. हलकी, तोल नीट, भंगार लाकडावर पिन मारली तर बोट फिरवूनही लागेना.

मग चुंबक काढलं. स्टेनलेसच्या पिनांचं पहिलं पाकीट. पिनांची पट्टी चुंबकाकडं आळसानं, पण सरकली.

"साहेब, स्टेनलेस आहे, जन्मात गंजणार नाही," तो म्हणाला.

"गंजायचं कोण विचारून राह्यलं? चिकटते का नाही ते बोला!"

दुकानातला पोरगा... नको, कुणाकुणाला मी काय बोललो ते सांगत बसत नाही. शेवटी दुकानदारानं समजावलं की तार ओढून बारीक करताना काही स्टेनलेसला थोडा चिकटपणा येतो, भारी जातीच्या स्टेनलेसला येत नाही. ते पाकीट आतून शोधून आणलं. चुंबक टेकवलं, फिरवलं, उलटं केलं. पिन हलली नाही. मी गन, पिना, मुका कॉम्प्रेसर, सगळं गाडीत घातलं आणि आदिलाबादपर्यंत मनातल्या मनात दादाला ऐकवत आलो.

काम मात्र मी जीव ओतून केलं. पट्टी आधी थिनरनं पुसायची, तेल काढायचं, मग गोंदाचा बारीक हात, पट्टी दाबून धरायची आणि टप्, टप्, टप्. कॉम्प्रेसर इतका मुका की पलीकडं माय पोथी वाचायची ते ऐकू यायचं. महिरप बसली तेव्हा बायकोसुद्धा शेडच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "छान झालं हो." मी म्हणालो, "होणारच होतं."

माय आली. खुर्ची घेऊन देव्हाऱ्यापुढं बसली आणि तिनं चुंबक मागितलं. कोपरे, कळस, महिरप, मागची फळी, पायऱ्या, सगळ्यांवरून हळूहळू फिरवलं. कुठं म्हणजे कुठं धरलं नाही. दुसऱ्यांदा फिरवलं. मी छाती काढून उभा. तिनं चुंबक मांडीवर ठेवलं आणि देव्हाऱ्याकडं पाहत राहिली. "चांगला केला," एवढंच म्हणाली. मला वाटलं, तिला भरून आलं.

देव बसवायला चांगला दिवस पाहिला. आदल्या दिवशी दादा गाडी घेऊन हजर. मी बोलावलंच नव्हतं. म्हटलं, ये, डोळे भरून पाहून जा. आणि सकाळी उठून पाहतो तर माय आंघोळ करून, नवं लुगडं नेसून बसलेली, टाक लाल फडक्यात बांधलेले, पिशवी भरलेली. देव्हारा समोर रिकामा.

"हे काय माय?"

"जातो म्हणतो दादासंगं."

"अवं पण लोखंड नाई त्यात! तूच फिरवून पाह्यलं ना!"

"हाव. नाई लोखंड."

"आणि त्याच्या फ्लॅटातला देव्हारा? बाजारातला, प्लायवूडचा! स्क्रूच स्क्रू असतीन त्याले! तो चालते काय तुह्या देवाले?"

"मालूम हाय मले." ती खाली पाहून बोलत होती. "मले वाटलं बिनलोखंडाचा तुले होनार नाई. मंग मले काई सांगा लागलं नसतं. तू तं करून ठेवला."

मला काही सुधरेना. "मशीनचा आवाज होता काय? म्हून मी मुकं मशीन आनलं ना तुह्यासाठी?"

"मशीनचं नाई रे बाबू. मशीन तं बटन दाबलं का बंद होते." तिनं फडक्याची गाठ उगाच पुन्हा घट्ट केली. "तू सकाळपासून कोनावर ना कोनावर वरडून राह्यतो. फोनवर, बायकोवर, दूधवाल्यावर. माह्यावर नाई वरडत, हे खरं हाय. पन मले भेव लागते. जेवन जात नाई."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मायचं खोटं आहे असं ती म्हणाली नाही.

दादानं खाली वाकून पिशवी उचलली. ते पाहून पुन्हा सगळं माझ्या डोक्यात चढलं. पण देवाशप्पथ सांगतो, मला त्याला काही बोलायचं नव्हतं. मला फक्त मायला म्हणायचं होतं, थांब. तेवढंच. मी तिच्याकडं वळलो आणि तोंड उघडलं.

माझा शब्द फुटायच्या आधीच मायनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.