आमच्या बिल्डिंगमागचे राघू

बिल्डर झाड तोडतो तेव्हा निदान चार लोक हळहळतात. डोंगर कापला की म्हणतात, बरं झालं, प्लॉट सपाट झाला. बदलापूर पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असाच एक प्लॉट सपाट झाला आणि मागे मातीचा उंच कडा उघडा पडला. त्यात वेडे राघू शिरले. चिमणीएवढा हिरवा पक्षी, शेपटीतून सुईसारखं पीस बाहेर आलेलं. तो झाडावर घरटं करत नाही, मातीत हातभर बीळ खणतो. आजूबाजूचे बांध, ओढ्याचे काठ आपण काँक्रीटखाली घातले, म्हणून तो इथे आला. निर्लज्ज आपण, तो नाही.

त्या कड्याला सोमवारी जेसीबी लागणार होता. तिथे पावसाआधी संरक्षक भिंत हवी होती आणि बिळांत पिल्लं होती.

मी पत्रक काढलं. आमच्या निसर्गप्रेमी ग्रुपची पत्रकं मीच लिहिते आणि गोड लिहीत नाही. घोळ एवढाच, की त्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या बिल्डिंगमध्येच बाबांनी फ्लॅट बुक केला होता. मोरिवलीच्या कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळून रिटायर झालेला माणूस. पत्रक वाचून म्हणाले, "'पिल्लांच्या थडग्यावर तुमचा हॉल'? काय गं, हा हॉल माझा आहे!"

"मग रविवारी याच तुम्ही," मी म्हटलं.

रविवार मुद्दाम निवडला. त्या दिवशी बुकिंगवाले सहकुटुंब साइट बघायला येतात, डबे घेऊन. भिंती नसलेल्या स्लॅबवर उभे राहून हवेत बोटं फिरवतात: इथे सोफा, इथे देव. मी पत्रकं वाटली. निम्म्यांनी त्यावर ढोकळा ठेवून खाल्ला. माझं डोकं फिरलं. भाषण गेलं खड्ड्यात, मी सगळ्यांना सरळ मागे कड्याजवळ नेलं.

उल्हासनगर कॅम्प दोनला कपड्यांचं दुकान असलेल्या एक सिंधी आंटी सगळ्यात पुढे होत्या. एक राघू चोचीत चतुर घेऊन आला, बिळात शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर पडला. आंटी बघतच राहिल्या.

"अरे, इनको तो हमसे पहले पझेशन मिल गया!"

सगळे हसले. आंटींनी लगेच सुपरवायझरला हाक मारली. "सुनो भाई, अंदर बच्चे हैं. कल इधर मशीन नहीं लगेगा."

"आंटी, बारिश में ये मिट्टी आपकी ही पार्किंग में आएगी," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. मी तोंड उघडलं, पण माझ्याकडे नुसत्या घोषणा होत्या.

बाबा पुढे झाले. "गेटकडची भिंत कधी घेताय?"

"इसके बाद, साहब."

"ती आधी घ्या, ही नंतर. दोन्ही पावसाआधी होतात. कामाचा क्रम बदला, बस."

सुपरवायझरने ऑफिसला फोन लावला. तिकडून नाही म्हणाले, तेव्हा आंटींनी फोन काढून घेतला. मग बाबांनी, मग आणखी कुणीकुणी. ज्यांना मी पत्रकात झोडपते, तेच हे ईएमआयवाले लोक, आणि एकानेही माघार घेतली नाही. शेवटी तिकडून 'ठीक है' आलं. मला तेव्हा या माणसांचा जो अभिमान वाटला, तो कुठल्याच मोर्चात वाटला नव्हता.

मेच्या अखेरीस पिल्लं तारेवर येऊन बसली. बाबांनी टॉर्च मारून एकेक बीळ तपासलं, मगच सुपरवायझरला सांगितलं, "रिकामी आहेत. घ्या आता."

जेसीबीने बघता बघता कडा ओरबाडून टाकला. पुढच्या वर्षी हे राघू कुठे जाणार, याचं उत्तर बिल्डरकडे नाही आणि नकाशे मंजूर करणाऱ्यांकडेही नाही. त्याचा जाब मी मागणारच. पण कडा गेला तरी पिल्लं उडाली, आणि ती आम्ही उडवली. हे कुणाला कमी वाटत असेल, तर त्याने एखाद्या साइटवर जाऊन एक मशीन एक दिवस थांबवून दाखवावं.