सासूबाईंची ढोलकी आणि आमची लिफ्ट

देवाची स्तुती करता करता माझी कंपनीची बस चुकली. आमच्या चर्चच्या मंडळीत हे वाक्य सांगायची सोय नाही. 'देवाची स्तुती' एवढं ऐकूनच लोक टाळ्या वाजवतात, बसपर्यंत कुणी थांबतच नाही!

मी चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. परमनंट करायच्या माणसांची यादी निघणार होती आणि आमचे सुपरवायझर बाळासाहेब (गाव कुरुळी, आवाज प्रेस मशीनच्या वरताण) यांनी बजावलं होतं, "आता एक दिस जरी लेट आलास, तर नाव कापलं समज!" घरातलं सगळं त्या यादीवर अडलं होतं. मी मुकाट्याने वेळेवर जायचं ठरवलं. पण जालन्याहून सासूबाई आल्या.

"जावईबापू, मागायच्या आधी देवाची स्तुती करावी लागती!"

झालं! दुपारच्या शिफ्टआधी चिखलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये उपासना ठरली. चर्चचे पाळकसाहेब गिटार घेऊन आले, सासूबाईंनी ढोलकी पुढ्यात ओढली, बायकोने शिरा केला. उपासना वेळेत संपली, हे मी मान्य करतो. पण सासूबाईंना मला बसपर्यंत गात सोडायचं होतं! (मी काय सीमेवर निघालो होतो?) मी, त्या, पाळकसाहेब, गिटार आणि ढोलकी असे सगळे लिफ्टमध्ये कोंबले गेलो. तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्टने आचका दिला आणि ती थांबली.

मी धोक्याचं बटण दाबलं. ते बिल्डरने नुसतं शोभेसाठी बसवलं असावं. मोबाइलला रेंज नाही.

"घाबरू नका," सासूबाई म्हणाल्या. "बायबलातले पौल आन् सीला तुरुंगात काय करत होते? गातच होते ना? दारं उघडली का न्हाई?"

"आई, त्यांना बस पकडायची नव्हती!"

ढोलकी सुरू झाली. पाळकसाहेबांनी कोपऱ्यात गिटार उभी धरून सूर लावला. आता यातली गंमत बघा. आमच्याकडे उपासना आहे हे अख्ख्या सोसायटीला माहीत. त्यामुळे जिन्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, आज रंगलीय! मी दारावर थापा मारत ओरडायला लागलो, "अहो, दार उघडा! कुणीतरी बाहेर काढा!" तर सासूबाईंनी माझ्या थापांवर ठेका धरला! बाहेर एक बाई दुसरीला म्हणाली, "आज गड्यांचा आवाज काय लागलाय गं!" आणि दोघी खाली निघून गेल्या.

तेवढ्यात गेटवर बसचा हॉर्न वाजला.

"ऐकलंत? माझी बस आहे ती!"

"प्रभू बसही थांबवील, भाऊ," पाळकसाहेब म्हणाले आणि दुसरं कडवं उचललं.

बस थांबली नाही. माझी परमनंट नोकरी माझ्याशिवाय चाकणच्या रस्त्याला लागली आणि मी लिफ्टमध्ये टाळ्या वाजवायच्या? माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"बास! एकदम गप्प! एक शब्द नाही!"

पाळकसाहेबांची बोटं तारांवरच राहिली. सासूबाईंनी डोळे मिटले (क्षमेसाठी, आणि ती माझ्याचसाठी!). आणि त्या शांततेत जिन्यात चपला वाजल्या. वॉचमनमामा पुटपुटत वर येत होते, "गाणी थांबली. आता शिरा वाटत असत्याल."

"मामा! आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय!"

"आं? मंग मगाधरनं गाताय कशापायी?"

मामांनी चावी आणून दार उघडलं. पाळकसाहेब म्हणाले, मी गाडीने सोडतो. सासूबाई ढोलकीसकट मागे बसल्या. वाटेत मी टायर पंक्चरचं एक छान, सभ्य खोटं तयार केलं. कंपनीच्या गेटवर बाळासाहेब उभेच होते. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई खाली उतरल्या.

"साहेब, मी साक्ष देते!"

आणि त्यांनी साक्ष दिली. लिफ्ट, पौल, सीला, शिरा, काही काही वगळलं नाही! सुटलेल्या शिफ्टची सगळी पोरं भोवती गोळा झाली. शेवटी तर त्यांनी ढोलकीही काढली. बाळासाहेबांनी घाम पुसला.

"जा रं भावा, जा आत! लिफ्टमधी ढोलकी म्हंजी खरंच असणार, येवढं खोटं कुणाला सुचतंय व्हय! पर ह्या मावशींना आधी घरी धाड!"

यादीत माझं नाव आलं. रविवारी भरल्या चर्चमध्ये सासूबाईंनी सांगितलं की स्तुतीने लिफ्टचं दार उघडलं. धादांत खोटं! दार माझ्या संतापाने उघडलं, गाणं थांबलं म्हणून उघडलं, मामांना शिरा हवा होता म्हणून उघडलं! सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचंच, म्हणून मी ताडकन उठलो. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं.

"आमेन," मी म्हणालो आणि खाली बसलो. परमनंट मी फक्त कंपनीत झालोय. घरात अजून कंत्राटीच आहे!