मृगातल्या चुंबकाचे रजिस्टर पत्र

परवा इंदापूरच्या पोस्टात कोणी पार्सलावर लाख वितळवली आणि त्या वासासरशी नव्वदच्या दशकातले आमचे सणसर गाव समोर उभे राहिले. धाकट्या भावाशी, तात्याशी, माझा शेताच्या बांधावरून दावा चालू होता. बोलणे बंद, कळवायचे ते रजिस्टर पोस्टाने. लहानपणी तो मोडक्या डायनॅमोतले चुंबक मुठीत धरून मृग नक्षत्राकडे बोट करी, "दादा, चांदण्यांतबी असतं का ह्ये?" दाव्याच्या त्या वर्षांत मी पुण्याच्या एका शास्त्रज्ञांना तोच अडलेला प्रश्न लिहून पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागितला, आणि तो आला. असते, त्यांनी लिहिले होते. प्रचंड तारे बहुधा दोघे-तिघे मिळून राहतात, मृगातल्या अशाच एका कुटुंबात एकाजवळ जबर चुंबकत्व आहे, शेजारच्या सोबत्यांत ते आढळत नाही, का ते अजून कळलेले नाही. हे ऐकवावे असा गावात एकच माणूस होता. बांध ओलांडणे माझ्या तत्त्वात बसेना, म्हणून खुलाशाची नक्कल लाखबंद करून त्याला रजिस्टरनेच धाडली. तिसऱ्या दिवशी पोस्टमन तेच पाकीट घेऊन दारात उभा. "आबा, तात्या म्हणलं, आता आनि कसली नोटीस? न्हाय घेत. बांध झाला, आता अंगण मागतोय का काय?" पाकिटावर शेरा होता, 'घेण्यास नकार'. मी संतापून दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे गेलो. पाकीट मात्र फोडले नाही. भाऊ जाऊन आता बरीच वर्षे झाली. नाकारलेले पत्र पोहोचलेच असे कायदा धरतो. आयुष्यभर कायद्याशी भांडलो, पण एवढे त्याचे खरे असावे.