एका दोषाचे पाच गुण

दात बनवायच्या त्या कार्यशाळेत माणूस कधी येत नसे, यायचा तो त्याचा साचा. डॉक्टर हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवायचे, त्यात प्लास्टर ओतलं की कुणाचा तरी जबडा टेबलावर येऊन बसायचा. सोबत एक कार्ड: नंबर, वय, दातांचा रंग, कधी द्यायचं. एवढ्यावरून तिला कवळी करायची असायची. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. कामावर सगळे तिला कवळीबाई म्हणत. घरी मात्र अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही ती छोटीच होती.

मेणात एकेक दात बसवताना त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल तिला थोडंफार कळायचं. हा एकाच बाजूने चावतो. ही झोपेत दात खाते. शेजारच्या टेबलावर चिनीमातीचे दात भाजणारा सहकारी होता, त्याला सगळे भट्टीवाला म्हणायचे. तो विचारायचा, "आज कोण आलंय?" आणि ती साचा आणि सोबत आलेली जुनी कवळी फिरवून सांगायची, "हट्टी म्हातारा आहे. जुनी कवळी घासून घासून पार सपाट केली, पण बदलली नाही."

गेमचा नाद तिला या भट्टीवाल्यानेच लावला. अकरा वर्षांपूर्वी तो म्हणाला, "घरी जाऊन भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे बघ," आणि एक जुना गेम देऊन गेला. त्यात जादूचं राज्य होतं, राक्षस होते, हरवलेला मुकुट होता, आणि तो शोधायला निघणारा माणूस आपण आपल्या हाताने घडवायचा होता. सुरुवातीला वीस गुण मिळायचे. ताकद, चपळाई, अक्कल, नजर, तब्येत आणि वाणी या सहा खात्यांत ते वाटायचे. शिवाय स्वभावाची एक यादी होती, तिच्यातून हवं ते उचलायचं. मग प्रवास सुरू.

भट्टीवाल्याला प्रवास आवडायचा, तिला सुरुवातीचा पडदाच जास्त आवडला. अकरा वर्षांत तिने एक्केचाळीस माणसं घडवली आणि त्यातली फक्त चार मुकुटापर्यंत नेली. बाकीची कुठे ना कुठे मेली, नाहीतर तिने ती मध्येच सोडून दिली आणि नवं माणूस घडवायला घेतलं. पण त्यातून तिला काही गोष्टी पक्क्या कळल्या. सगळ्यात थोडं थोडं घेतलं की कशातच काही उरत नाही. अक्कल भरपूर आणि तब्येत शून्य असेल, तर पहिल्याच तापात माणूस जातो. आणि वीस गुण कधीच पुरत नाहीत. वर हवे असतील तर यादीतला एखादा दोष अंगाला लावून घ्यावा लागतो. भित्रेपणाला दोन, विसराळूपणाला तीन, एका डोळ्याने आंधळा म्हणवून घेतलं तर चार. ती प्रत्येक वेळी दोष घ्यायची. बिनदोषाचं माणूस तिला साच्यात नीट बसत नसे.

मोठ्या बहिणीचे यजमान निवृत्त झाले, त्यानंतरची ही हकीकत.

भावजी बसच्या आगारात वेळापत्रक बघायचे. चौतीस वर्षं कुठली गाडी कधी सुटणार हे त्यांच्या शब्दावर ठरत होतं. घरी बसल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा ते स्वयंपाकघरात शिरले. दुसऱ्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

"ह्यांना काहीतरी शिकव बाई. माझे डबे यांनी तीनदा लावले. साखर शोधायला मला यांना हाक मारावी लागते."

"मला काय येतं शिकवायला?"

"तुझा तो राक्षसांचा खेळ शिकव. माझ्याच घरात राक्षस होण्यापेक्षा तिकडे होऊ देत."

म्हणून रविवारी दुपारी ती आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडेच ठेवायला घेऊन गेली. भावजींनी चष्मा पुसला, खुर्ची सरळ केली आणि पडदा नीट वाचला. गेम इंग्रजीत होता आणि भावजींचं इंग्रजी चांगलं होतं, तरी ती सवयीने प्रत्येक ओळ मराठीत करून सांगत गेली.

"सगळीकडे दहा-दहा टाक," भावजी म्हणाले.

"वीसच आहेत भावजी. सहा ठिकाणी वाटायचे आहेत."

"मग वीसचे साठ कसे करायचे?"

"साठ होत नाहीत. पण दोष घेतला तर थोडे वाढतात."

"दोष घेतला की गुण मिळतात? हा कुठला न्याय?"

"त्यांचा न्याय आहे."

"ते काही नाही. माझ्या माणसात दोष नको. चौतीस वर्षांत माझ्या नावावर एक मेमो नाही."

स्वयंपाकघरातून ताई हसल्याचा आवाज आला. भावजींनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी सहाही खात्यांत तीन-तीन गुण टाकले, उरलेले दोन वाणीला दिले आणि आपला सत्शील, सरासरी योद्धा रस्त्याला लावला. पहिल्याच पुलावर तीन दरोडेखोर उभे होते. योद्ध्याची तलवार उचलून होईपर्यंत ते त्याला मारून मोकळे झाले.

त्या रविवारी तो सात वेळा मेला. पुढचे दोन रविवारही पुलावरच गेले. भावजींनी दरोडेखोरांच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक कागदावर मांडलं, ते कधी पाठ फिरवतात ते घड्याळ लावून पाहिलं, पण पूल काही ओलांडला नाही. कवळीबाई मागे बसून चहा पीत राहिली. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं तिने ठरवलेलं होतं.

चौथ्या रविवारी भावजींनी खुर्ची मागे ढकलली. "ठीक आहे. एक दोष घेऊ. तूच निवड. तुला अनुभव आहे."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लहानपणापासून छोटीचे पुढचे दात ओठांबाहेर यायचे. लग्नाच्या वयात दोन ठिकाणांहून नकार आला, तिसऱ्या ठिकाणी तिनेच जाणं टाळलं. पुढे दातांचंच काम हाती आलं, तिथे ठसे पाठवणाऱ्या एका डॉक्टरने तिचे दात तारा लावून मागे घेतले, तोवर ती चौतिशीला पोचली होती आणि विषय मागे पडला होता. मग ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा घरी जेवण होतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "छोटीचं काही जमतंय का?" भावजी रंगात आले होते. म्हणाले, "ती लोकांच्या तोंडात दात बसवते. तिच्या तोंडापुढे कोण बसणार?"

पंचवीस-तीस माणसं हसली. छोटीही हसली. हसताना तिने ओठ मिटून घेतले, ती जुनी सवय होती. त्यानंतर चौदा महिने ती त्या घरी गेली नाही. काम आहे, सर्दी आहे, ट्रेनिंग आहे, असं सांगत राहिली. मग ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा गेली आणि येणंजाणं पुन्हा सुरू झालं. कुणीच काही बोललं नाही.

आता तिने यादी खाली सरकवली. भित्रा, विसराळू, लोभी, शंकेखोर. सतराव्या ओळीवर ती थांबली.

"हा घ्या. पाच गुण मिळतात."

"काय आहे?"

"चारचौघांत दुसऱ्यावर विनोद करतो आणि नंतर विसरून जातो."

भावजी पुढे वाकले. त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

"इथं तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "इथं नुसतं आहे, जीभ तिखट."

"मराठीत तसंच होतं," ती म्हणाली.

ताई दाराशी येऊन उभी होती, हातात फडकं होतं. ती तशीच आत गेली आणि नळ सोडला. भावजींनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. "पुरे झालं आज," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं फारसं काही वाटलं नाही. मोठं काम संपवून दिल्यावर हात मोकळे होतात आणि त्यांचं काय करावं ते कळत नाही, तसं काहीसं झालं. दुसऱ्या दिवशी तिने भट्टीवाल्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "पाच गुण फार झाले. विनोदाला दोन पुरे होते."

"महाग पडतो म्हणून जास्त देतात," ती म्हणाली.

पुढचे दोन रविवार ती गेली नाही आणि त्यांनी बोलावलंही नाही. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी कार्यशाळेतला फोन वाजला. भावजींनी तिला कामावर कधीच फोन केला नव्हता.

"छोटी, ते पाच गुण कुठे टाकायचे ते तू सांगितलंच नाहीस."

"तब्येतीत तीन, चपळाईत दोन. आणि वाणीतले सगळे काढून घ्या, तिखट जिभेला वाणी लागत नाही."

"काढतो." मग म्हणाले, "त्या दिवशी जेवणात मी जे बोललो..."

"भावजी, हातात काम आहे. मेण थंड होतंय."

"हो. ठेवतो."

मेण खरंच थंड होत होतं. पण ते पुन्हा तापवायला अर्धं मिनिट लागतं, हे तिलाही माहीत होतं.

भावजींनी पूल ओलांडला. पुढे जीभ तिखट असल्याने नावाड्याशी त्यांचं बिनसलं, त्याने नावेत घेतलं नाही, तेव्हा अख्ख्या दलदलीला वळसा घालून जावं लागलं. वैद्यीण औषध देईना. राजाच्या दरबारातून तर दोनदा हाकलून दिलं. तरी त्यांनी दोष बदलला नाही. गेममध्ये तो बदलताही येत नव्हता, पण त्यांनी माणूसही बदलला नाही. मुकुट मिळायला त्यांना तेरा महिने लागले.

मधल्या काळात ताईनेही एकदा खुर्ची ओढली. कुणाला न विचारता, चार मिनिटांत, तिने सगळेच्या सगळे गुण चपळाईत टाकले.

छोटी म्हणाली, "अगं, अशी बाई एका फटक्यात मरेल."

"फटका खायला मी थांबले तर ना."

दरोडेखोर वळून पाहीपर्यंत ताईची बाई पुलापलीकडे गेलेली होती. भावजींनी विचारलं, "आणि दोष कुठला घेतलास?"

"घेतला एक. तुम्हाला कशाला हव्यात चौकशा?"

कवळीबाई हल्ली गुरुवारी संध्याकाळीही त्यांच्याकडे जाते. दार भावजी उघडतात. "ये," म्हणतात आणि बाजूला होतात. पूर्वी यावर ते काहीतरी जोडायचे, तिच्या पिशवीवरून, उशिरावरून, कशावरूनही. आता जोडत नाहीत. ते जपून बोलतात की वयाने बोलणं कमी झालंय, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तिने विचारलेलंही नाही. ती चपला काढते आणि आत ताईकडे जाते.