बाईंनी रद्द केलेली मोजदाद

डॉ. मथुराबाई आरोंदेकर यांची आणि माझी ओळख अविश्वासातून झाली. मालवणच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. गोवा सुटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी पंचावन्नीच्या एक बाई सूक्ष्मदर्शक छातीशी धरून आत आल्या. त्याचा बारीक फिरवायचा स्क्रू अडकला होता. मी म्हटलं, ठेवून जा, संध्याकाळी न्या. "बसते मी," बाई म्हणाल्या, आणि अडीच तास स्टुलावर बसून माझ्या चिमट्यावरची नजर त्यांनी हलवली नाही.

घड्याळवाला आतले पुर्जे बदलतो, हा संशय आमच्या धंद्याला पहिल्यापासून चिकटलेला. तरी तोंडावर कुणी दाखवत नाही. मी म्हटलं, "बाई, मी चोर नव्हे." त्यावर इतका वेळ पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई एकदम घरच्या बोलीत आल्या. "रागावू नकात, मेस्त्री. माझो माझ्यारय इस्वास नाय."

हे वाक्य त्यांनी माझी समजूत काढायला म्हटलं, असं मला वाटलं. ते अक्षरशः खरं होतं, हे कळायला मे महिना उजाडला.

बाई आरोंद्याच्या. मुंबईत कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टी लागली की संशोधनासाठी मालवणला यायच्या. त्या वर्षी आमच्याच घराची मागची खोली त्यांनी घेतली. हसनभाई होडीवाले ओहोटीला खडकांतून काटेरी गोळे आणून द्यायचे. त्यांना समुद्री अर्चिन म्हणतात, हे आम्हाला बाईंनी सांगितलं. खोलीत औषधाच्या बाटल्या, दाराला कुलूप. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे चोरटा माल असणार, कुणी म्हणे सरकारी हेर. हसनभाईंनी तर सरळ विचारलं, "बाई, ह्या औषध दर्यात गेला तर आमचा म्हावरा मरतला. मगे आमी काय खावचा?"

"एक थेंब दर्यात जावचो नाय, हसनभाई. तुमी सोता बघा." बाईंनी त्यांना खोलीत नेलं. वापरलेलं पाणी त्या डब्यात साठवून परसातल्या खड्ड्यात जिरवत. हसनभाई पुढे पंधरा दिवस मध्येच येऊन खड्डा बघून जात. बाईंना त्याचा राग आला नाही. उलट मला म्हणाल्या, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा हे बरे.

काम काय होतं ते मला समजलं तसं सांगतो. प्रत्येक जीवाच्या पेशीत जनुकं असतात, म्हणजे हुकमाचे मूळ कागद. त्यांची नक्कल निघते आणि ती नक्कल कामावर जाते. गर्भ वाढताना कुठल्या कागदाची नक्कल कधी काढायची हे ठरतं कसं, हा बाईंचा प्रश्न. त्यांच्याकडे एक औषध होतं, ते नक्कल काढूच देत नाही. अर्चिनची फळलेली अंडी त्यांनी समुद्राच्या पाण्याच्या बशांत ठेवली. निम्म्या बशांत औषध, निम्म्या साध्या. गंमत अशी की औषधातली अंडीसुद्धा दोनाची चार, चाराची आठ होत गेली आणि त्यांचे पोकळ गोळे होऊन पोहू लागले. साध्या बशीतल्या गोळ्याला पुढे एका बाजूने खळगा पडून आतडं तयार होई. औषधातला गोळा मात्र तिथेच थांबे. मेलेला नसे, गरगर फिरत असे, पण पुढे जात नसे.

मी म्हटलं, "म्हणजे आईने अंड्यात आधीच किल्ली देऊन ठेवलेली. ती संपेपर्यंत घड्याळ चालतं, पुढची किल्ली त्याची त्याने द्यायची."

बाईंना उपमा आवडली आणि लगेच त्यांनी ती संशयाने उलटी करून पाहिली. "किल्ली संपली म्हणून थांबला, की औषधाने आजारी पडला म्हणून? ते आधी ठरवा, मेस्त्री."

आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोने, तोवर निकाल लावला होता. "पयले चार दीस आवशीचा शिकवलेला, मगे आपला डोक्या. सासरी गेलेल्या चेडवाचा तसाच आसता."

माझे डोळे बारीक कामाला सरावलेले म्हणून मोजायचं काम बाईंनी मला दिलं. किती गोळे थांबले, किती पुढे गेले. पण कुठली बशी औषधाची हे सांगेनात. बशीखाली नुसता आकडा, आकड्यांची यादी त्यांच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप.

मंडळी म्हणाल्या, "ती बाई तुमका चोर समजता. आणि तुमी आपले वाकान बघतास."

मला ते लागलं. पण त्यांच्या यादीची मला गरजच नव्हती. ते औषध मुळात पिवळसर. पाण्यात इतकं थोडं की कुणाला दिसू नये, पण घड्याळाच्या तबकड्या पुसण्यात ज्याचा जन्म गेला त्याला पांढऱ्या फडक्यावर ठेवलेल्या बशीतली झाक लपते होय? मी बोललो नाही. आणि मग माझ्या हातून ते घडलं. काही गोळे अर्धवट असत, खळगा पडला म्हणावा तर पडलेला, नाही म्हणावा तर नाही. पिवळ्या बशीतला अर्धवट मी 'थांबला' म्हणून धरला, साध्या बशीतला 'पुढे गेला' म्हणून. खोटं बोलतो आहे असं मला वाटलंच नाही. घरच्या माणसाला भाजी वाढताना पळी जरा भरून घेतो, तसं.

जूनमध्ये मुंबईत विद्वानांसमोर बाई हे काम मांडणार होत्या. मालवणच्या खोलीत बसून काय सिद्ध होणार, असं म्हणणारे तिथे होतेच. निघायच्या तीन दिवस आधी त्यांनी यादी काढून माझे आकडे जुळवले. सगळं त्यांच्या मनासारखं आलं होतं. बाईंचा चेहरा उतरला.

"मेस्त्री, एकही गोळा चुकार नाही? जिवंत वस्तू इतकी शहाणी नसते. तुम्हाला बशा ओळखता येत होत्या?"

मी झाक सांगितली. अर्धवटांचंही सांगितलं. बाईंनी चार आठवड्यांच्या सगळ्या मोजणीवर आडवी रेघ मारली. पुन्हा करायला दिवस नव्हते, समुद्र खवळायला लागला होता. मला म्हणाल्या, "चूक माझी. तुमचे डोळे मी कमी धरले." मुंबईच्या सभेत त्या रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या आणि मोजणी विश्वासाची नाही, एवढंच सांगून बसल्या.

दिवाळीच्या सुट्टीत बाई परत आल्या. मला वाटलं, आता दुसरा माणूस ठेवतील. त्या आल्या त्या थेट दुकानात. मी तोवर कंदिलाच्या पिवळ्या काचा घासून चष्मा तयार ठेवला होता. तो घातला की सगळ्या बशा सारख्या. मंडळी म्हणाल्या, "म्हणजे मिया आता रोज हळद लागलेली दिसतलंय." बाई पोटभर हसल्या, आणि हसून झाल्यावर माझ्यासमोर बशा मांडून चष्म्यातून ओळखायला लावल्या. तीन दिवस. माझे अंदाज वाटेल तसे चुकायला लागले तेव्हा कुठे काम सुरू झालं.

या वेळी दोन्हीकडे चुकार निघाले. औषधातले काही पुढे सरकले, साध्यातले काही अडले. पण त्या सगळ्यांना धरूनही बाईंचं म्हणणं उभं राहिलं. गोळा होईपर्यंत आईची पुंजी, पुढे स्वतःचा हुकूम. लेख छापून आला तो इंग्रजीत. बाईंनी आमच्या ओसरीवर बसून मला मराठीत वाचून दाखवला. पहिली मोजणी का रद्द केली हे त्यात होतं, आणि दोष आखणीचा, मोजणाऱ्याचा नव्हे, असंही. माझं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची नजर, गुडघे आणि संशय आणखी चाळीस वर्षं शाबूत राहोत, आणि ओहोटीला खडकांवर त्यांचा पाय न घसरो, एवढंच आम्हा उभयतांचं आणि हसनभाईंचं मागणं. हा लेखही त्या तपासतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. यातलं जे मला अर्धवट आठवत होतं, ते मी बाईंच्या बाजूने धरलेलं नाही.