अध्यक्षाच्या बायकोचा दुखवटा

आधी चहा घ्या, कारण हे ऐकताना घशाला कोरड पडेल. माझ्या तर अजून पडते. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, जिचं नावही मला धड उच्चारता येत नाही, तिचा दुखवटा मी पाळला. आणि तो पाळायच्या नादात पोराचं इथलं बस्तान उठवायची वेळ आणली. आता बोला.

मोठ्या भूकंपानंतर बरीच मंडळी भराभर जपान सोडून गेली, तेव्हा माझा मिलिंद उलटा इथे आला. कंपनी अमेरिकन, घर एदोगावा नावाच्या भागात. सून गौरी अर्धा दिवस एका दुकानात कामाला जाते, नात सई तेरा वर्षांची. मी वाईकडची. शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं साठीनंतर गौरीनं शिकवली. पण कानावर पडलेलं मी विसरत नाही. लिहून ठेवणाऱ्याला विसरायची सोय असते, आम्हाला कुठली?

त्या हिवाळ्यात मिलिंदची इथली मुदत संपत आली होती. दोन वर्षं वाढवून मिळाली तर सईची शाळा इथेच पुरी होणार, नाहीतर मार्चात गाशा गुंडाळून मुंबई. सगळं त्याच्या साहेबाच्या हातात. साहेब अमेरिकन, पण जपानी रीतीनं सगळे त्यांना डेव्हिडसान म्हणतात. त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं.

आता सईचं ऐका. रोज चारला शाळेतून आली की दप्तर टाकून म्हणायची, "आज्जी, बातम्या ऐक." इथला टीव्ही जपानीत बोलतो, मला काय कळणार? नातच माझा टीव्ही. ती सांगायची अमेरिकेच्या निवडणुकीचं. टीव्हीवरही त्या दिवसांत अमेरिकेचेच नकाशे दाखवत होते, लाल-निळे. शंका यायचं कारणच नाही.

सई म्हणाली, "मागच्या वेळी चौघं उभे होते. एक सेनापती. त्याला सगळ्यात जास्त मतं पडली, पण निम्म्याच्या वर नाहीत. मग निकाल गेला सभागृहात. चौथा आलेला तिथला सभापती होता. त्यानं आपली माणसं दुसऱ्या नंबरवाल्याच्या पाठीशी उभी केली. तो जुन्या अध्यक्षाचा मुलगा."

"मग?"

"तो अध्यक्ष झाला. आणि सभापतीला केलं मोठा मंत्री."

"अगं, म्हणजे आमच्या गावच्या सोसायटीची निवडणूकच की ही."

"आणि आता पुन्हा तेच दोघं समोरासमोर आहेत," सई म्हणाली. "या वेळी सेनापतीच्या बायकोवर चिखलफेक चाललीय. पहिल्या नवऱ्याशी काडीमोड पुरता झाला नव्हता, तेव्हाच तिनं याच्याशी लग्न लावलं म्हणतात. पेपरात छापून येतंय."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. म्हातारपणी त्या माउलीची लग्नपत्रिका चव्हाट्यावर? दुसऱ्या दिवशी कळलं की सेनापतीच्या छातीत गोळी आहे. कुणीतरी बायकोवरून बोललं, तर यानं त्याला समोरासमोर उभा करून मारला. त्याची गोळी याच्या छातीत राहिली ती राहिलीच.

"पोलिसांनी धरलं नाही?"

"नाही ना."

अमेरिकेत घरोघरी बंदुका असतात हे मी ऐकून होते, म्हणून सोडून दिलं. तो राजधानीला घोडागाडीनं निघणार, असंही ती म्हणाली. तेही मी सोडून दिलं. इंग्लंडच्या राजवाड्यात नाही का अजून घोडागाड्या? मोठ्यांच्या हौशी.

बुधवारी सई आली ती हळू आवाजात बोलत. "आज्जी, आज वाईट बातमी आहे. सेनापती जिंकला, पण शपथ घ्यायच्या आधीच त्याची बायको गेली. त्या दिवसासाठी शिवून घेतलेला पांढरा झगाच तिला शेवटचा घातला."

मी जाऊन देवापुढे दिवा लावला. त्याच संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकेचा झेंडा आणि काळ्या कोटातली माणसं ओळीनं उभी. आणखी काय पुरावा पाहिजे? मिलिंद घरी आला तोही तोंड पाडून. दोन घास खाल्ले आणि उठला.

मी म्हटलं, "फार मनाला लावून घेऊ नकोस बाळा."

"आई, आता माझ्या हातात काही नाही."

"कुणाच्याच हातात नसतं रे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आपण बरोबर बोललो.

शुक्रवारी गौरीला दुकानात पूर्ण दिवस होता. सकाळी निघताना म्हणाली, "आई, श्रीखंड-पुरी, बटाटेवडे आणि मसालेभात. तुमच्या हातचं खाऊन डेव्हिडसानचा मूड चांगला झाला पाहिजे." ती गेली आणि मी विचारात पडले. ज्याच्या देशात मयत झालंय, त्याला गोडाधोडाचं वाढायचं? या पोरांना रीतभात नाही, आपल्याला तर आहे. सुतक नाही, पण दुखवटा तरी?

मग मी गोड टाळलं, तळण टाळलं. वरण केलं बिनफोडणीचं, भात, आणि लाल भोपळा नुसता उकडून. दारातली रांगोळी पुसली. टेबलावरची फुलं उचलून न्हाणीघरात ठेवली. ठेवणीतलं लुगडं परत घडी केलं आणि विटकं पांढरं नेसले.

सातला मिलिंद, गौरी आणि साहेब अशी तिघं स्टेशनवरून आली. दुखवट्याला आलेल्या माणसाला "या" म्हणत नाहीत, म्हणून मी नुसते हात जोडले आणि मान खाली घालून समोर बसले. साहेब हसले, मी नाही हसले. ते अवघडले. गौरी स्वयंपाकघरात गेली, तिथून तिनं मला हाक मारली.

"आई, पुऱ्या कुठायत?"

"आज कसल्या पुऱ्या?"

"श्रीखंड?"

"चक्का टांगलाय तसाच. उद्या बघू."

गौरीचं तोंड त्या वरणासारखं झालं. पण पाहुणे बसलेले, करणार काय? वाढलं. साहेबांनी दोन चमचे खाल्ले आणि फार अदबीनं मिलिंदला विचारलं, हे देवळातलं जेवण आहे का? मला वाटलं, हीच वेळ.

"मिलिंद, सांग त्यांना. फार वाईट झालं म्हणावं. एवढ्या लोकांची बोलणी सोसली आणि सुखाचा दिवस आला तर बाई राहिली नाही."

"कोण बाई?"

"अरे कोण काय? त्यांच्या नव्या अध्यक्षाची बायको. वारली ना परवा."

साहेबांनी दोनदा विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन काढला, बोटानं वर-खाली केलं. काही सापडेना.

"अजून जाहीर केलं नसेल," मी आपली मदत केली.

मिलिंदनं तेही सांगितलं, आणि साहेब उठूनच उभे राहिले. त्यांनी अमेरिकेत आपल्या आईला फोन लावला. तिथे पहाटेचे पाच. ती माउली निवृत्त शिक्षिका. मुलगा अशा आवाजात विचारतोय म्हटल्यावर तिनं धडपडत टीव्ही लावला. फोनवर तिचा श्वास मला ऐकू येत होता. इकडे मिलिंद माझ्या कानाशी, "आई, तुला कुणी सांगितलं?" आणि मी म्हणतेय, "आता लपवून काय उपयोग?"

एवढ्यात सई शाळेतल्या शुक्रवारच्या बास्केटबॉलहून आली. सगळे जेवण टाकून उभे. भूकंप झाला का, असं तिनं आधी विचारलं. मग मी सांगितलं, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली.

"आज्जी, तो माझा होमवर्क होता. सरांनी जुनी निवडणूक आजची बातमी करून सांगायला लावली होती. मी तुझ्यावर प्रॅक्टिस करत होते."

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"जवळजवळ दोनशे वर्षं."

मिलिंदनं दोन्ही हातांत डोकं धरलं. सईनं साहेबांना गोळीपासून झग्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि त्यांनी आपल्या आईला. मग ती बोलायला लागली, साहेबांनी फोनचा आवाज मोठा केला, सईनं मराठीत सांगितलं.

"त्या म्हणतायत, बाईसाठी मलाही वाईट वाटतं. पण तुमच्या सेनापतीसाठी रडू नका. तो माणसं विकत घेऊन राबवायचा. आणि अध्यक्ष झाल्यावर त्यानं मूळच्या लोकांना घराबाहेर काढायचा कायदा केला. थंडीत पायी चालवत नेलं त्यांना. वाटेत किती मेले."

"सई, हे तू मला सांगितलं नाहीस."

"ते पुढच्या आठवड्यात होतं, आज्जी."

आणि अशा माणसाच्या दारात मी दुखवट्याला बसले होते. मी पदर खोचला. चक्क्यात साखर घातली, कणीक मळली, पुऱ्या तळायला घेतल्या. पोरीची शाळा मी बिनफोडणीच्या वरणात बुडवली होती.

साहेबांनी नऊ पुऱ्या खाल्ल्या, मी मोजल्या. दहावीला नको म्हणाले आणि मिलिंदकरवी मला विचारलं, "आजी, तुम्हाला सेनापतीच्या छातीतली गोळी माहीत आहे, बायकोचा झगा माहीत आहे. आता सांगा, या वेळी आमच्याकडे निवडून कोण आलं?"

मी सईकडे पाहिलं. सई छताकडे पाहत होती.

"सई अजून तिथवर पोचली नाही," मी म्हटलं.

साहेब इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. मग मिलिंदच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू दोन वर्षं मागितली होतीस ना? मी तीन लिहितो. या वेगानं आजींना आजच्या तारखेपर्यंत यायला तेवढी तरी लागतील."